पारसचा कोळसा की गच्चीवरचं ऊन? दुकानाच्या विजेचा हिशेब

व्हिडिओत आकडेमोड भराभर झाली, म्हणून इथं सविस्तर देतो. वाचताना दुकानाचं या महिन्याचं महावितरणचं बिल समोर ठेवा. आपण सगळे फक्त खालची एकूण रक्कम पाहतो आणि "लय आलं बाप्पा" म्हणून भरून टाकतो. आज वरच्या ओळी पाहू.

स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि मग एक ओळ येते 'इंधन समायोजन आकार'. वीज केंद्राला कोळसा महाग पडला किंवा महावितरणला बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की तो फरक या ओळीतून तुमच्याकडे येतो. २०२१ च्या ऑक्टोबरात देशभरातल्या केंद्रांमधले कोळशाचे साठे तळाला गेले होते, २०२२ च्या एप्रिलात पुन्हा तेच झालं. खाण शेकडो किलोमीटर दूर, पण तिचा परिणाम राजकमल चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या खिशापर्यंत पोचतो तो असा. त्यावर पुन्हा वीज शुल्क आहेच. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के, आपल्या व्यापारी जोडणीला २१ टक्के.

धंद्याच्या भाषेत फरक इतकाच. कोळशाची वीज म्हणजे रोज माल भरावा लागणारं दुकान. सौर किंवा वाऱ्याची वीज म्हणजे एकदाच मोठं मशीन घ्यायचं, कच्चा माल फुकट. पहिल्यात भांडवल पसरतं आणि भाव दुसऱ्याच्या हातात राहतो. दुसऱ्यात सगळा पैसा पहिल्याच दिवशी अडकतो.

शब्दांचा एक घोळ आधी सोडवून टाकू, परीक्षेला बसणारी मुलंही इथं वाचतात. 'पारंपरिक-अपारंपरिक' आणि 'नवीकरणीय-अनवीकरणीय' या जोड्या एक नाहीत. कोयनेचा १९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प जुना, म्हणून पारंपरिक, पण पाऊस दरवर्षी येतो म्हणून नवीकरणीय. तारापूरची अणुवीज १९६९ पासून आहे. तिचा धूर नाही, पण युरेनियम खाणीतून येतं आणि संपतं, म्हणून ती अनवीकरणीय. धूर नाही म्हणजे नवीकरणीय, असं समजू नका.

पारसला रोज किती माल लागतो

अकोल्याहून भुसावळकडे रेल्वेनं निघालात की पारसची चिमणी दिसते. बाळापूर तालुक्यातलं हे महानिर्मितीचं केंद्र. आज तिथं २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २००८ चा आणि दुसरा २०१० चा. दोन्ही पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट होतात. एका युनिटला आपला भारतीय कोळसा साधारण ६०० ते ७०० ग्रॅम जळतो. साडेसहाशे ग्रॅम धरा. दिवसाचे झाले ७,८०० टन. एक मालगाडी चार हजार टनांच्या आसपास आणते, म्हणजे रोज दोन भरलेल्या गाड्या. आपल्याकडच्या कोळशात राख ३० ते ४० टक्के असते, म्हणून रोज अडीच हजार टनांच्या आसपास राख बाहेर काढावी लागते. केंद्र रोज पूर्ण क्षमतेनं चालत नाही, म्हणून प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी येतील, पण अंदाज बांधायला एवढं पुरे.

आता तेवढीच युनिटं सौर पॅनेलवर काढायची ठरवली तर? आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट देतं. एक मेगावॅटचे झाले ४,००० युनिट. पारसच्या १ कोटी २० लाखांसाठी ३,००० मेगावॅट लागतील, आणि मेगावॅटला चार-पाच एकर धरली तर बारा ते पंधरा हजार एकर जमीन. शिवाय ही सगळी वीज दिवसा येणार. संध्याकाळी सात वाजता, जेव्हा गांधी रोडवरच्या सगळ्या दुकानांचे दिवे लागतात, तेव्हा पॅनेल झोपलेले असतात आणि पारसच चालू असतं. "कोळसा बंद करा, सौर लावा" असं एका वाक्यात म्हणणाऱ्याला हा सातचा प्रश्न विचारा. बॅटरी आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प ही उत्तरं आहेत, पण त्यांचाही खर्च मोजावा लागतो.

मग कोळसाच बरा का? तर पाण्याकडे पाहा.

नांदगावपेठच्या एमआयडीसीत १३५० मेगावॅटचं खासगी औष्णिक केंद्र आहे, २७० चे पाच संच. पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचं. त्याच धरणातून अमरावती शहर पितं आणि त्याच धरणावर शेतकऱ्यांचं सिंचन अवलंबून. या पाण्यावरून आंदोलनं झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. लोक का चिडले ते आकड्यातून कळतं. केंद्र सरकारनं २०१५ च्या डिसेंबरात अशा केंद्रांसाठी पाण्याची मर्यादा घातली, दर मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर. १३५० मेगावॅट दिवसभर पूर्ण चाललं तर त्या मर्यादेत दिवसाला ११ कोटी लिटरच्या वर पाणी लागू शकतं. माणशी १३५ लिटर धरले तर हे आठ लाख लोकांचं पाणी झालं. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत होती! खारपाणपट्ट्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पॅनेलला पाणी फक्त धुवायला लागतं.

माझं मत विचाराल तर वऱ्हाडात कोळशाच्या विरोधातलं सगळ्यात मोठं कारण धूर नाही, पाणी आहे.

वाऱ्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात पवनचक्क्या साताऱ्याच्या पठारांवर, सांगली-धुळ्याकडे आहेत. आपल्या सपाट भागात दुकानाच्या गच्चीवर छोटी पवनचक्की लावा म्हणून कोणी आलं, तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

आता तुमचं दुकान

जनरेटरपासून सुरू करू. लहान डिझेल जनरेटर एका लिटरला तीन युनिटच्या आसपास देतो. डिझेल ९० रुपये धरा, म्हणजे युनिट ३० रुपयांना, देखभाल वेगळी. ही सगळ्यात महाग वीज. फक्त अडल्यावेळी वापरायची.

सौरचं गणित. पाच किलोवॅटची सिस्टीम तीन लाखांना पडली असं धरू. तुमच्या गावचे दोन कोटेशन घेऊन हा आकडा बदला. ढगाळ दिवस, धूळ, बंद दिवस वजा करून ३०० दिवस धरले: ५ गुणिले ४ गुणिले ३००, म्हणजे ६,००० युनिट. बिलातला स्थिर आकार सोडून बाकी रक्कम युनिटनं भागा, तुमचा खरा दर मिळेल. समजा ११ रुपये आला. वर्षाची बचत ६६,००० आणि भांडवल साडेचार वर्षांत मोकळं. कर्ज काढलं तर व्याज यात मिळवा. मग ते सहा वर्षांच्या आसपास जातं.

पण हे गणित कुणाचं बसतं? पिठाची गिरणी, वेल्डिंग, शिवणकाम, दूध थंड करणारा, यांचं. त्यांची वीज दिवसा लागते. ज्याचा धंदा संध्याकाळी सहानंतर, म्हणजे चाट किंवा आइस्क्रीम, तो नेट मीटरवर अवलंबून राहतो. तिथं दिवसाची युनिटं रात्रीच्या वापरात वळती होतात खरी, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटांचा दर तुमच्या बिलाच्या दरापेक्षा कमी असतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून "वीज विकून कमावू" हा विचार डोक्यातून काढा.

विक्रेते तीन गोष्टी सांगत नाहीत, त्या मी सांगतो.

एक, अनुदान. प्रधानमंत्री सूर्यघर योजना (फेब्रुवारी २०२४) घरांसाठी आहे. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात ते घरगुती जोडणीला. दुकानाच्या व्यापारी मीटरला ते मिळत नाहीत. कोटेशनमध्ये अनुदान वजा करून दाखवलं असेल तर तिथंच थांबवा.

दोन, लाइट गेली की साधी ऑन-ग्रिड सिस्टीमही बंद पडते. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना! हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. लाइट गेल्यावरही दुकान चालू ठेवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड सिस्टीम घ्यावी लागते आणि खर्च बराच वाढतो. वरचं साडेचार वर्षांचं गणित मग लागू होत नाही.

तीन, आपला उन्हाळा. "अकोल्यात ४५ डिग्री, म्हणजे वीज भरपूर" असं अनेकांना वाटतं. पॅनेलला उजेड पाहिजे, उष्णता नको. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, आणि त्यावर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्यानं घसरतं. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं तर १४ टक्के गेले. म्हणून टिनावर पॅनेल चिकटवून बसवू नका, खालून हवा खेळू द्या. जिनिंगजवळ दुकान असेल तर धूळ आणि रुईचे तंतू बसतात. सकाळी, पॅनेल थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. २०२३ मध्ये केंद्रानं विजेचे नियम बदलले. दिवसाच्या सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त, अशी त्याची दिशा आहे. राज्यात कोणत्या जोडणीला काय लागू होतं ते वीज नियामक आयोगाच्या ताज्या आदेशात पाहा. ग्रिडचीच वीज दुपारी स्वस्त मिळू लागली, तर गिरणीवाल्यानं दळण दुपारकडे ढकललं तरी पैसा न गुंतवता बचत होते. आणि तेव्हा सौरची बचतही थोडी कमी दिसेल. दोन्ही बाजू मांडूनच कर्जाच्या कागदावर सही करा.

यात धंदा कुठं आहे

कोरडवाहू जमीन असलेल्यांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आहे. जमीन सौर प्रकल्पाला भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सोयाबीनच्या गेल्या तीन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाशी तुलना करा. पण करार दीर्घ मुदतीचा असतो. बांधावरचा रस्ता कुणाचा, मुदत संपल्यावर लोखंड-काँक्रीट कोण काढणार, हे लेखी घ्या. भावाच्या नावे सातबारा असेल तर त्याला आधी विचारा, भाऊ.

कोळशाच्या बाजूलाही धंदा आहे. केंद्रांना राख वापरात आणणं बंधनकारक आहे, आणि राखेच्या विटा हा पारसच्या आजूबाजूला समजण्यासारखा उद्योग. यंत्रापेक्षा वाहतुकीचा खर्च इथं नफा खातो, म्हणून जागा निवडताना केंद्रापासूनचं आणि बांधकामांपासूनचं अंतर दोन्ही मोजा.

तिसरी गोष्ट पऱ्हाटी. ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानुसार कोळशाच्या केंद्रांनी कोळशासोबत शेतीच्या काडीकचऱ्याच्या पेलेट जाळायच्या आहेत. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाटी बांधावर पडून असते, कित्येक जण पेटवून देतात. अडचण एकच, ती दोन-तीन महिन्यांतच मिळते आणि मशीन वर्षभर चालवायचं असतं. या धंद्यात उतरायचं असेल तर मशीनच्या कोटेशनआधी तीन गोष्टी काढा: दहा किलोमीटरच्या आत किती एकर कापूस आहे, पऱ्हाटी उपटून तुमच्यापर्यंत आणायला टनाला किती मजुरी पडते, आणि पावसाळ्यात तिला कोरडं ठेवायला शेड किती मोठी लागते.