कपाशीची हाक

२००९ साली निघालेल्या ‘प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज’ या संगणकीय खेळात झाडे चालत्या प्रेतांवर वाटाण्यांचा मारा करून घर राखतात. ती झाली कल्पना. परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानातील कपाशी मात्र खरोखरच झुंजते. अळी पान कुरतडू लागली, की तिच्या लाळेवरून झाडाला शत्रूची चाहूल लागते. मग ते विशिष्ट गंध हवेत सोडते. शाबूत पानांतूनही तो दरवळतो. त्या मागावर गांधीलमाशीच्या कुळातील चिमुकले कीटक येतात व अळीच्या अंगात अंडी घालतात. त्यांतून निघालेली पिले अळीला आतून पोखरून मारतात. शेतकऱ्याने अविचाराने विषारी औषध फवारले, तर अळीबरोबर हे मित्रकीटकही मरतात आणि कपाशीची पुढची हाक व्यर्थ जाते.

स्वाध्याय : कपाशीला ‘मुकी’ म्हणणे कितपत योग्य आहे?