ज्वारीला पाव व्हायला सांगू नकोस

अमरावती,
१४ डिसेंबर

चि. बाळ,


परवा तू ज्वारीच्या पावाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "मावशी, गोवरी झाली. आता नवीन काही करायच्या भानगडीत पडत नाही." फोनवर तुझी समजूत घातली असती, पण ही गोष्ट निवांतपणी सांगावी अशी आहे, म्हणून कागद घेऊन बसले. सूनबाईच्या दवाखान्यातल्या पाळ्या सांभाळून तू स्वयंपाकघर अंगावर घेतलंस, याचा मला फार आनंद आहे. एका फसलेल्या पावापायी तो उत्साह विझू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी पावाचंच बोलू. पाव फुगतो तो गव्हातल्या चिकाच्या जोरावर. त्याला ग्लुटेन म्हणतात. कणीक मळली की त्याची जाळी तयार होते आणि यीस्टनं सोडलेली हवा त्या जाळीत अडकते. ज्वारीत हा चीक नाही. हवा येते आणि वाट मिळेल तिथून निघून जाते. तू यीस्ट दुप्पट घातलं असतंस, पीठ चार तास जास्त ठेवलं असतंस, तरी गोवरीच झाली असती. तुझ्या हातून चूक झाली ती करण्यात नाही, मागण्यात झाली. ज्वारीकडे जे नाही ते तू तिच्याकडे मागितलंस.

तुझ्या आजीला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नव्हता, पण ही गोष्ट ठाऊक होती. म्हणून ती भाकरीचं पीठ कढत पाण्यात भिजवायची. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो, पीठ एकमेकांना धरतं आणि थापायला येतं. गव्हात जे काम चीक करतो, ते ज्वारीत उकड करते. आपल्या बायकांनी ज्वारीला गव्हाच्या पंगतीत बसवलं नाही, तिच्या अंगात काय आहे ते पाहिलं. भाकर, कण्या, आंबील, धपाटे, हुरडा हे सगळं त्यातूनच आलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि ज्वारीचा केक, ज्वारीचा पिझ्झा असे प्रयोग खूप लोक करू लागले. त्यात वाईट काही नाही. सोयाबीन आल्यापासून आपल्या शिवारातली ज्वारी घटली, ती निदान ताटात तरी परत येते आहे. फक्त करताना धान्याचा स्वभाव पाहावा. पावच हवा असेल तर चार वाट्यांत एकच वाटी ज्वारी घाल, बाकी गहू. आणि निव्वळ ज्वारीचं काही हवं असेल तर तिच्याकडे कुरकुरीतपणा माग, खमंगपणा माग. उकड काढून, तीळ-ओवा घालून पातळ लाटलेल्या पुऱ्या भाजून बघ. त्या तुला नाराज करणार नाहीत.

आता या पावातून एक गोष्ट कायमची गाठीला बांध. नवीन कृती हातात आली की तिच्यातल्या प्रत्येक जिन्नसाला विचार, "तू इथे कशासाठी आहेस?" त्याचं काम कळलं की त्याच्या जागी दुसरं काय चालेल ते आपोआप कळतं, आणि काय मुळीच चालणार नाही तेही कळतं.

कोकणातल्या कृतीत कोकम लिहिलेलं असतं. त्याचं काम आंबटपणा. आपल्याकडे चिंच आहे, कैरी आहे, ताक आहे, आंबाडी आहे. यातलं काहीही ते काम करील, आपापल्या चवीनं करील. ओल्या नारळाचं काम रस्सा दाट करणं आणि तिखटाला मऊपणा देणं. आपल्याकडे ते काम भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, फल्लीदाणे करत आले आहेत. फक्त मग त्या भाजीला मालवणी म्हणू नकोस. ती तुझी अकोल्याची भाजी झाली, तिला तेच नाव दे. दुसऱ्याच्या नावावर आपला पदार्थ खपवला की दोघांवरही अन्याय होतो.

जिन्नसाचं काम न विचारता बदल केला की काय होतं, ते मी भोगलं आहे. माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी मोठ्या मायेनं त्या वर्षीच्या आंब्याच्या लोणच्यात मीठ निम्म्यावर आणलं. आषाढात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. सगळी बरणी टाकावी लागली. लोणच्यात मीठ चवीपेक्षा राखणीला असतं, हे मला तेव्हा कळलं. कमी मीठच खायचं तर लोणच्याची फोड लहान वाढायची, किंवा दोन दिवसांत संपेल असा ताजा तक्कू करायचा. लोणचं, मुरांबा, पापड, वडे अशा टिकवायच्या पदार्थांत मीठ, साखर, तेल, ऊन यांना हात लावण्याआधी दहा वेळा विचार कर. रोजच्या भाजीत मात्र मोकळेपणानं हात चालू दे.

दुसरी गोष्ट. कृती लिहिणारा आपल्या घरचं पाणी आणि आपल्या गावचं ऊन धरून लिहितो. ते कागदावर उतरत नाही. मी लग्न होऊन दर्यापूरकडे गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वरणानं माझी फजिती केली. अमरावतीत जी डाळ सहज शिजायची, ती तिथे काही केल्या मऊ होईना. मला वाटलं डाळ जुनी. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "डाळ चांगली आहे पोरी, पाणी खारं आहे." पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला तो खारपाणपट्टा. पिण्यासाठी लांबून आणलेल्या गोड्या पाण्यातलं थोडं सासूबाई डाळीपुरतं वेगळं काढून ठेवायच्या. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळीचा दाणा लवकर सुटत नाही. चिंच, भेदरं (टोमॅटो) आधी घातली तरी तसंच होतं, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावं. तुमच्या अकोल्यात नळाला काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं. पण उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरलं की त्याच कुकरच्या तेवढ्याच शिट्ट्यांत डाळ वेगळी होईल. तेव्हा स्वतःला दोष देण्याआधी पाणी बघ. चिखलदऱ्याला गेलास तर तिथेही कृतीतला वेळ पुरणार नाही. हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानावर उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यातल्या भाताला वेळ लागतो.

उन्हाचं तर विचारूच नकोस. इडलीच्या कृतीत "पीठ रात्रभर आंबवा" असं लिहिलेलं असतं. ती रात्र कुणाची? अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा संध्याकाळी वाटलेलं पीठ झोपायच्या वेळेलाच फुगून येतं, आणि सकाळपर्यंत ठेवलं तर आंबट ढाण होतं. आता डिसेंबरात तेच पीठ बारा-चौदा तास घेतं, वरून कांबळ्यात गुंडाळून ठेवावं लागतं. म्हणून कृतीतले तास पाठ करू नकोस. पीठ दुपटीला आलं का, वास कसा येतो, वर बुडबुडे दिसतात का, ते बघ. घड्याळ मदतीला ठेव, निर्णय नाकाडोळ्यांना करू दे.

तिसरी गोष्ट मापाची. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे स्वयंपाकाचं पुस्तक १९७० साली आलं आणि इतक्या घरांत पोचलं, त्यातलं एक मोठं कारण मला वाटतं ते हे की त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. पण वाट्याही घरोघरच्या वेगळ्या. बाहेरदेशच्या कृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान. तू एका कृतीतला मैदा कपानं आणि दूध वाटीनं मोजलंस तर तो पदार्थ कसा जमावा? आजच एक वाटी आणि एक चमचा निवड. वाटीत पाणी भरून ती किती मिलिलिटरची आहे ते मोज, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. ती वाटी डब्यात अडकवू नकोस, पाहुण्यांना वाढू नकोस. ती मापाची वाटी.

आणि वही ठेवच. नवीन पदार्थ पहिल्यांदा करताना चव लिहिल्याप्रमाणेच येऊ दे. पाणी आणि वेळ तेवढे आपल्या हवेप्रमाणे बदल. दुसऱ्यांदा एकच गोष्ट बदल. तिखट कमी केलंस तर तेल तेवढंच ठेव. एका वेळी तीन बदल केलेस आणि पदार्थ सुधारला किंवा बिघडला, तर कशामुळे ते तुला कधीच कळणार नाही. कृतीच्या बाजूला तारीख, काय बदललं आणि खाणारा काय म्हणाला एवढं लिही. फसलेलं आधी लिही. जमलेलं लक्षात राहतं, फसलेलं आपण विसरतो आणि पुन्हा फसतो.

आता आठवड्याचा बेत. सूनबाईची रात्रपाळी असेल त्या दिवशी नवीन काही करू नकोस. थकून आलेल्या माणसाला ओळखीचं, ऊन-ऊन अन्न हवं असतं. पाहुणे येणार असतील त्या दिवशीही नको. नवीन पदार्थ सुटीच्या दिवशी, निम्म्या मापानं, आणि सोबत वरण-भात किंवा चून-भाकर हमखास. म्हणजे पदार्थ फसला तरी कुणी उपाशी उठत नाही. आठवड्याला एक नवीन पदार्थ पुरे. वर्षाचे पन्नास होतात, त्यांतले दहा घरात टिकले तरी पुष्कळ.

बेत ठरवताना बाजार आधी बघ, कृती नंतर. या दिवसांत ओल्या तुरीच्या शेंगा येतात. सोले-वांगे तू खातोसच, पण सोल्यांचं सूप करून बघ, पुलाव करून बघ, सारणात घालून कचोरी करून बघ. वरूड-मोर्शीची संत्री आली आहेत. संत्र्याची साल किसून केकमध्ये घालायची असेल तर पांढरा भाग येऊ देऊ नकोस, तो कडू असतो. पावसाळ्यात तरोटा आणि आंबाडी मिळेल. मोसमात जे स्वस्त आणि ताजं असतं त्याच्यावर केलेला प्रयोग फसला तरी जिवाला लागत नाही. महागाची परदेशी भाजी आणून ती बिघडली की हात आखडतो.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी लिहिते. खाणारे. ताई, म्हणजे तुझी आई, तुझ्या नव्या पदार्थांना "हे आपलं नाही" म्हणते, त्याचं तुला वाईट वाटतं. तिला सांग, आपल्या ठेच्यातली मिरची, चटणीतले फल्लीदाणे, रश्श्यातला आलू आणि भेदरं, हे सगळे एके काळी समुद्रापलीकडून अमेरिका खंडातून आले. ज्वारीसुद्धा फार जुन्या काळी आफ्रिकेतून आली. अमरावतीच्या गिला वड्याच्या नावातला 'गिला' शेजारच्या हिंदीतला. कुणीतरी पहिल्यांदा घरात आणलं, कुणीतरी नाक मुरडलं, कुणीतरी पुन्हा करून पाहिलं, तेव्हा ते आपलं झालं. पण हे सांगताना तिच्या ताटाकडेही बघ. तिला कवळी आहे, साखरेचा त्रास आहे. कडक, चिवट, गोड तिला चालत नाही. तुझा पदार्थ तिला आवडला नाही असं तुला वाटतं, कदाचित तो तिला चावताच आला नसेल. पुढच्या वेळी तिचा वाटा थोडा मऊ शिजव, मग तिचं मत विचार.

आणि एक काम आजपासूनच हाती घे. ताई पानगे करते, सांबारवडी करते, कुरडयांचा चीक शिजवते, ते सगळं अंदाजानं. मूठभर, चिमूटभर, "पीठ मागेल तेवढं पाणी". आमच्या आईचंही असंच होतं. तिच्या गोळाभातातल्या गोळ्यांची कृती आम्ही दोघी बहिणींनी कधी विचारली नाही. रोजच मिळत होतं, विचारायचं कशाला! ती गेल्यावर मी कितीतरी वेळा करून पाहिलं. ती चव आली नाही. ताईच्या बाबतीत असं होऊ देऊ नकोस. नव्या कृती कुठेही मिळतात, तिच्या हातची कृती तिच्याकडेच आहे. ती करायला बसली की शेजारी बस. तिची मूठ पिठाच्या डब्यातून बाहेर आली की खाली आपली मापाची वाटी धर. किती भरली ते लिही. पाण्याचं लिही, जाळाचं लिही, ती कधी थांबते ते लिही. मग तू एकट्यानं करून तिला खायला घाल आणि ती काय चुकलं म्हणते तेही लिही.

येत्या रविवारी सांबारवडीपासून सुरुवात कर. सांबार (कोथिंबीर) आता स्वस्त आहे. पहिलं पान लिहून झालं की मला पाठव.

तुझी,
मावशी