वायफाय की मोबाईल डेटा? : विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाला समाजाच्या उद्धाराचे प्रमुख साधन मानले. त्या साधनाचे रूप काळानुरूप पालटत आले आहे. पाटी, पुस्तक आणि ग्रंथालय यांच्या जोडीला आज स्मार्टफोन आला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. परीक्षेचे प्रवेशपत्र फोनवर उतरवून घ्यावे लागते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' वर महाविद्यालयीन अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंडही शासकीय संकेतस्थळांवर विनामूल्य वाचावयास मिळतात. या सर्वांसाठी इंटरनेट लागते आणि ते फोनमध्ये दोन वाटांनी येते. एक वायफाय, दुसरी मोबाईल डेटा. कोणती वाट केव्हा धरावी हे न उमगल्याने अनेक घरांत पैसा वाया जातो आणि ऐन वेळी विद्यार्थ्याचे काम अडते. म्हणून या विषयाची सोपी मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन वाटांचे स्वरूप

मोबाईल डेटा म्हणजे आपल्या सिमकार्डाच्या कंपनीच्या टॉवरकडून रेडिओ लहरींद्वारे मिळणारे इंटरनेट. या लहरी वापरण्याचा हक्क कंपन्या सरकारी लिलावात विकत घेतात. भारतात ४जी सेवा एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झाली, तर ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. टॉवरचा पल्ला मोठा असल्याने ही सेवा शेतात, रस्त्यावर, बसमध्येही मिळते.

वायफायचे तसे नाही. घरापर्यंत तारेने आलेले इंटरनेट राऊटर नावाच्या छोट्या पेटीतून खोलीभर पसरते. याचे पहिले तांत्रिक मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या लहरी वापरतात व घरगुती वापराला परवाना लागत नाही. पैकी २.४ च्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचतात, ५ च्या लहरी अधिक वेगवान असल्या तरी भिंतीला अडतात. एकूण वायफायचा पल्ला काही खोल्यांपुरताच असतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. फोनवर वायफायची खूण दिसली म्हणजे इंटरनेट आहेच असे नाही. ती खूण फक्त राऊटरशी जोडणी झाल्याचे सांगते. राऊटरच्या मागची तारच बंद असेल तर खूण दिसूनही पान उघडणार नाही. दुसरा गैरसमज असा की वायफाय म्हणजे फुकट. मित्राने फोनचा हॉटस्पॉट सुरू करून दिला, तर आपल्याला तो वायफाय दिसतो, परंतु खर्च मात्र मित्राच्या मोबाईल डेट्याचा होतो.

हिशेब समजून घ्या

इंटरनेटचा वेग बिटमध्ये आणि साठा बाईटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाईट. एका तासाचे व्याख्यान नुसते ऐकले (सेकंदाला १२८ किलोबिट या दराने), तर सुमारे ५८ एमबी खर्च होतात. तेच व्याख्यान मध्यम दर्जाच्या चित्रासह पाहिले तर साधारण अर्धा जीबी, आणि अतिस्पष्ट चित्रासह पाहिले तर दीड जीबी किंवा त्याहूनही अधिक लागतो. म्हणजे ज्ञान तेवढेच, खर्च मात्र पंचवीसपटीहून जास्त! ज्याला दिवसाला दोन जीबी मिळतात, त्याने चित्राचा दर्जा न पाहता एक व्याख्यान लावले तरी दिवसाचा बहुतेक साठा संपतो.

साठा संपल्यावर अनेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिट इतका खाली येतो. त्या वेगाने सेकंदाला ८ केबी, म्हणून २ एमबीचा जातीचा दाखला किंवा गुणपत्रिका पाठवण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तोवर अर्जाचे पान मध्येच बंद पडण्याची शक्यता असते. अर्जाची शेवटची तारीख असेल, रात्रीचे अकरा वाजलेले असतील आणि दुपारीच करमणुकीच्या चित्रफितींत डेटा संपलेला असेल, तर वर्षाची शिष्यवृत्ती पणाला लागते. यास्तव अर्जाचे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नये आणि त्या दिवसांत डेटा राखून ठेवावा.

त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये काही गोष्टी एकदाच कराव्यात. ॲप्सचे अद्ययावतीकरण फक्त वायफायवर होईल असे ठेवावे. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-चित्रफिती मोबाईल डेट्यावर आपोआप उतरणार नाहीत असे करावे. 'डेटा सेव्हर' सुरू ठेवावा. काही फोनमध्ये वायफाय क्षीण झाले की फोन न सांगता मोबाईल डेट्यावर जातो, ती सोय बंद करावी. जिथे वायफाय मिळेल तिथे व्याख्याने व पुस्तके उतरवून घ्यावीत आणि घरी निवांत अभ्यासावीत.

बॅटरीचाही विचार करावा. टॉवर दूर असेल तर फोनला अधिक जोराने लहरी पाठवाव्या लागतात व बॅटरी लवकर उतरते. राऊटर जवळ असल्याने वायफायवर हा भार कमी पडतो.

सुरक्षितता

बँकेत काम करीत असल्याने या मुद्द्यावर थोडे आग्रहाने लिहितो. पासवर्ड नसलेले सार्वजनिक वायफाय कोणाचे आहे, हे आपणास कळत नाही. स्थानकाच्या किंवा उपाहारगृहाच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन भामटा आपले वायफाय पसरवू शकतो आणि खोट्या पानावर आपली माहिती भरून घेऊ शकतो. बँकेची अधिकृत ॲप्स माहिती सांकेतिक रूपात पाठवतात हे खरे, तरीही पैशाचा व्यवहार करताना सार्वजनिक वायफाय बंद करून आपला मोबाईल डेटा वापरावा. घरच्या वायफायला मोठा पासवर्ड असावा. ओटीपी व यूपीआयचा पिन कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता तत्काळ आपल्या बँकेला व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

आणखी एक सूचना. नवीन फोनवर यूपीआय सुरू करताना बँकेशी जोडलेल्या सिममधून संदेश जावा लागतो. तेथे नुसते वायफाय पुरत नाही. म्हणून घरी वायफाय असले तरी बँकेशी जोडलेले सिम चालू ठेवावे.

सामूहिक विचार

मोबाईल डेटा ही ज्याची त्याची घागर आहे, तर वायफाय हा पाणवठा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरील समान हक्क कृतीने सिद्ध केला. आजच्या काळात ज्ञानाच्या पाणवठ्यापाशी आपली मुले पोहोचतात का, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ च्या निकालात इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचेच होते.

सरकारी पातळीवरही सोयी आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेले रेल्वेचे वायफाय आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे व रोजचा पहिला अर्धा तास विनामूल्य मिळतो. सेकंदाला १ मेगाबिट वेग धरला तरी त्या अर्ध्या तासात सव्वादोनशे एमबी, म्हणजे कित्येक प्रश्नपत्रिका उतरवता येतात. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तिच्यात लहान दुकानदार किंवा संस्थाही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकते.

आपल्या विहारातील अभ्यासिकेत अशी सोय झाली, तर अनेक घरांचा रिचार्जचा भार हलका होईल. जोडणी संस्थेच्या नावे रीतसर घ्यावी, पासवर्ड ठरावीक काळाने बदलावा, वापराची वेळ अभ्यासाला बांधलेली असावी आणि मुलींना सायंकाळी सुरक्षितपणे बसता येईल अशी व्यवस्था असावी. एका जोडणीचा मासिक खर्च सभासदांत विभागला तर प्रत्येकाच्या वाट्याला अल्प रक्कम येईल. हा हिशेब कार्यकारिणीने अवश्य मांडून पाहावा.

विद्यार्थी मित्रांनो, तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला आणि अप्रमादाचे, म्हणजे सावधपणाचे महत्त्व पटवून दिले. मोठे काम, लांब व्याख्यान, जड पुस्तक यांसाठी वायफाय वापरा. प्रवास, पैशाचा व्यवहार आणि अडचणीची वेळ यांसाठी मोबाईल डेटा राखून ठेवा. आणि दोन्ही बंद करून पुस्तक उघडण्याचीही एक वेळ दिवसात ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!