श्रद्धेचा शोध : तरुण धर्मानंद कोसंबी

प्रस्तावना

शाळा सुटली की शिक्षण संपले, असे पुष्कळांना वाटते. त्याचप्रमाणे, धर्म हा जन्माने मिळतो, त्यात शोधायचे ते काय, असेही अनेकजण मानतात. या दोन्ही समजुतींना ज्यांच्या चरित्राने छेद दिला, त्या धर्मानंद कोसंबी यांच्या तरुणपणाचा परिचय प्रस्तुत पाठात आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• धर्मानंदांची कौटुंबिक पार्श्वभूमी थोडक्यात सांगू शकाल;
• त्यांच्या ज्ञानयात्रेतील टप्पे क्रमाने लिहू शकाल;
• श्रद्धा आणि अभ्यास यांचा संबंध स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

बालपण आणि वाचनाची आवड

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. घरची भाषा कोकणी असली, तरी लिहिण्यावाचण्याचे शिक्षण मराठीतून होई. धर्मानंदांची प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण लवकरच थांबले. लहान वयातच त्यांचा विवाह झाला आणि नारळाच्या बागायतीची देखरेख त्यांच्या वाट्याला आली.

शाळा सुटली तरी वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. हाती येईल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत. तुकारामांच्या गाथेने त्यांना अंतर्मुख केले. पुढे 1897 साली ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी गौतम बुद्धाचे चरित्र वाचले. मुलांसाठी लिहिलेल्या त्या मजकुराने एकवीस वर्षांच्या तरुणाच्या आयुष्याला नवी दिशा दिली. या महापुरुषाची शिकवण मुळातून समजून घेतली पाहिजे, असा ध्यास त्यांना लागला.

गृहत्याग आणि भ्रमंती

बुद्धाची वचने पाली भाषेत आहेत; पण पाली शिकण्याची सोय तेव्हा महाराष्ट्रात नव्हती. त्यासाठी आधी संस्कृतचा पाया हवा, हे ओळखून 1899 च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या ज्ञानलालसेची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, या दोघींना मोजावी लागली, हे विसरता येत नाही.

प्रथम ते पुण्यास आले. तेथे थोर पंडित रा. गो. भांडारकर यांचा आधार त्यांना लाभला. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले. जवळ पैसा नव्हता. म्हणून अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांपाशी संस्कृतचे पाठ घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता. 1902 साली बौद्ध धर्माचे दर्शन घडावे म्हणून ते नेपाळला पोचले. परंतु तेथील स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. मग बोधगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते त्याच वर्षी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास आरंभला आणि श्रामणेर, म्हणजे नवशिक्या भिक्षूची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन केले. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. ज्या देशात ग्रंथ लिहिला जातो, त्या देशाची लिपी तो वापरतो. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी नवी लिपी शिकणे त्यांना भाग पडले.

ज्ञानाचा मार्ग लोकांकडे

1906 साली, सुमारे सात वर्षांनी, धर्मानंद घरी परतले आणि पुन्हा गृहस्थाश्रमात आले. कलकत्त्यास त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. तेथे मान होता, वेतनही होते. पण आपण मिळवलेले ज्ञान आपल्या लोकांपर्यंत पोचावे, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढीच अपेक्षा होती. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडून ही अल्प वृत्ती स्वीकारली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. परतल्यावर 1912 ते 1918 या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. ज्या शहरी त्यांना पालीचा गुरू मिळाला नव्हता, तेथेच ते पालीचे गुरू झाले.

डोळस श्रद्धा

धर्मानंदांची बुद्धावर गाढ श्रद्धा होती. पण ती आंधळी नव्हती. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. जुन्या पाली सूत्रांच्या आधारे ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी वेगळे मत मांडले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात कलह होता. शस्त्राने हे वैर मिटणार नाही, या जाणिवेतून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे त्यांनी सुचवले. सर्वांना हे मत पटले नाही. तरीही पूज्य पुरुषाची कथासुद्धा पुराव्यावर पारखून घ्यावी, हा त्यांचा आग्रह महत्त्वाचा आहे.

त्यांची श्रद्धा ग्रंथांपुरती राहिली नाही. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला व कारावास भोगला. 1937 साली मुंबईच्या परळ या कामगारवस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ स्थापन केला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या या माणसाने पाली ग्रंथांतील बुद्ध मराठी वाचकाच्या घरी आणून पोचवला.

स्वाध्याय

1. ‘बालबोध’ मासिकाचा धर्मानंदांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?
2. धर्मानंदांनी पालीपूर्वी संस्कृतचा अभ्यास का केला?
3. ‘डोळस श्रद्धा’ म्हणजे काय, ते पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
4. धर्मानंदांचा गृहत्याग आपणांस योग्य वाटतो काय? बाळाबाईंच्या बाजूचाही विचार करून आठ ते दहा ओळींत आपले मत लिहा.