जोडीची हार्ड डिस्क आणि अडलेला संगणक

शाळेच्या संगणकास दुसरी हार्ड डिस्क जोडण्याचे प्रसंग आता लहान गावांतील शाळांतही येऊ लागले आहेत. पाठांच्या चित्रफिती, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी अशा नाना गोष्टींनी जुनी डिस्क भरून जाते. मग लोकवर्गणीतून नवी डिस्क आणली जाते, कोणी जाणता तरुण ती बसवून देतो, आणि दुसऱ्या दिवशी काल बिनतक्रार चालणारा संगणक काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ दाखवून थांबतो. एरंडोल तालुक्यातील शिक्षकास अशा वेळी महामार्गाने जळगाव गाठून दुरुस्ती करून आणावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पुष्कळदा बिघाड झालेलाच नसतो. चूक कोठे आहे ते शोधण्यास स्क्रूड्रायव्हर, एक वही आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरते.

येथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ‘फॉरमॅट मारून टाका, सगळे नीट होईल’ असा सल्ला देणारा मनुष्य प्रत्येक गावात असतो. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कची पाटी पुसणे होय. संगणक त्यानंतर सुरू होईलही. परंतु चार वर्षांच्या मूल्यमापनाच्या नोंदी, स्कॅन करून ठेवलेली जनरल रजिस्टरची पाने त्या पुसण्यात गेली, तर ती परत मिळण्याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. आपण केवळ एक वस्तू वाढविली आणि अडचण उत्पन्न झाली. तेव्हा प्रथम ती वस्तू काढून पाहावी, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

संगणक बंद करून भिंतीवरील बटन बंद करावे, वायर काढून घ्यावी आणि चालू करण्याचे बटन काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. खानदेशात हिवाळ्याची हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून आतील भागांस हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. मग नव्या डिस्कच्या दोन्ही केबल सोडवून संगणक पूर्वीप्रमाणे सुरू करावा. तो सुरू झाला, तर जुनी डिस्क व तीवरील नोंदी शाबूत आहेत हे सिद्ध झाले. तेव्हाच महत्त्वाच्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. पुढील सर्व प्रयोग त्यानंतर.

आता संगणक सुरू होतो म्हणजे काय होते ते पाहू. शाळेचा पहिला तास शिक्षकास परिचित आहे. कुलूप उघडते, घंटा होते, मुले जमतात, आणि गुरुजी हजेरी घेतात. संगणकातही प्रथम वीज सर्व भागांस पोहोचते. नंतर मदरबोर्डवरील बायोस हा छोटा कार्यक्रम जागा होऊन स्मृती, कळफलक व डिस्क यांची तपासणी करतो. आणि शेवटी ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कला विचारतो, ‘विंडोज सुरू करण्याची सामग्री तुझ्यापाशी आहे काय?’ नवी डिस्क बसविल्यावर काही संगणकांत हा क्रम आपोआप बदलतो आणि ती कोरी डिस्क यादीत पहिली येते. पहिल्या बाकावर बसविलेल्या नव्या मुलास कालचा धडा विचारावा, तशी तिची अवस्था होते. पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ अथवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ असे शब्द उमटतात. त्यांचा अर्थ डिस्क जळाली असा नव्हे. सामग्री नसलेल्या ठिकाणी विचारणा झाली, एवढाच तो अर्थ.

यावरील उपाय सोपा आहे. संगणक चालू होताच ‘डिलीट’ अथवा ‘एफ २’ ही कळ पुनःपुन्हा दाबावी. कंपनीपरत्वे कळ निराळी असते आणि बहुधा पहिल्याच पडद्याच्या तळाशी लिहिलेली असते. बायोसच्या पडद्यावर ‘बूट’ या सदरात जाऊन जुनी डिस्क पहिल्या क्रमांकावर आणावी व बदल जतन करून बाहेर पडावे. काही संगणकांत डिस्कचे नाव न दिसता ‘विंडोज बूट मॅनेजर’ असे दिसते. तेथे तेच वर आणावे. मागे लावून विसरलेला पेनड्राइव्हही असाच घोळ करतो, तोही काढून पाहावा.

क्रम नीट लावला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाढा. असे झाले तर घड्याळाकडे पाहावे. दिनांक मागे गेला असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीत वायर काढून ठेवलेल्या जुन्या संगणकांत हे हमखास आढळते. ‘सीआर २०३२’ या क्रमांकाचा सेल साध्या दुकानातही मिळतो. सेल बदलताना बायोसची मांडणी मूळपदावर जाते, आणि तीत डिस्कशी बोलण्याची पद्धत, म्हणजे ‘एएचसीआय’, ‘आयडीई’ अथवा ‘रेड’, बदललेली असू शकते. मग विंडोजचे चिन्ह दिसून लगेच निळा पडदा येतो आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द दिसतात. पूर्वीची पद्धत पुन्हा निवडली की काम होते. म्हणून बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी मूळ मांडणी वहीत उतरवून घेण्याची शिस्त असावी. मोबाइलने छायाचित्र घेतले तरी चालेल.

बायोसच्या यादीत नवी डिस्क मुळीच दिसत नसेल, तर दोष केबलचा किंवा विजेचा समजावा. साटा पद्धतीच्या डिस्कला दोन केबल लागतात, एक माहितीची व एक विजेची. दोन्ही घट्ट बसल्या आहेत काय हे पाहून माहितीची केबल दुसऱ्या खाचेत लावून पाहावी. काही मदरबोर्डवर एम २ या लहान खाचेत एसएसडी बसविली की साटाची एखादी खाच निकामी होते. हे त्यांच्या रचनेतच असते. शाळेच्या कपाटात अजून रुंद फितीच्या केबलचे जुने संगणक असतील, तर तेथे निराळाच नियम लागतो. एका फितीवरील दोन डिस्कपैकी एकीचा जम्पर ‘मास्टर’ व दुसरीचा ‘स्लेव्ह’ हवा. दोन्ही मास्टर झाल्यास एकही नीट ओळखली जात नाही.

पंखासुद्धा फिरत नाही, किंवा फिरून लगेच थांबतो, अशी स्थिती असेल तर हात फिरविताना एखादी केबल अथवा रॅमची पट्टी सैल झाली असावी. जुनी, दमलेली वीजपेटीही कारण असू शकते, कारण फिरत्या तबकडीच्या मोठ्या डिस्कला वेग घेताना सर्वांत अधिक वीज लागते. नव्या डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज एकसारखा येत असेल, तर ती दुकानदारास परत करावी.

एक प्रसंग वेगळा आहे. जुनी डिस्क जोडलेली असतानाच नव्या एसएसडीवर विंडोज बसविले जाते. सुरुवातीची सामग्री तेव्हा बहुधा जुन्याच डिस्कवर राहते, व विंडोज तेवढे नव्यावर. पुढे जुनी डिस्क काढली की संगणक अडतो. यासाठी नव्यावर विंडोज बसविताना जुनी डिस्क सोडवून ठेवावी.

संगणक सुरू झाला, पण नवी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. कोरी डिस्क ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन प्रथम सिद्ध करावी लागते. तेथे डिस्कचे आकारमान वाचून, हीच नवी, अशी खात्री पटल्यावरच पुढे जावे. दुसऱ्या संगणकातून आणलेल्या, माहिती असलेल्या डिस्कवर हा प्रयोग कदापि करू नये.

सर्व सुरळीत झाल्यावर दोन्ही डिस्कवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि नव्या डिस्कची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात घ्यावी. जुनी डिस्क काढून ठेवली असल्यास तीही शाळेचीच मालमत्ता आहे. तीवर मुलांची नावे आणि पालकांची माहिती असल्यामुळे ती कुलपाखालीच राहिली पाहिजे.