दूरच्या माणसांची नावे

मुलांनो, ओमान देशाच्या किनाऱ्यावर सहम नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच सोहार हे जुने बंदर आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी तेथील व्यापारी शिडाच्या जहाजांतून भारतात आणि पुढे पार चीनपर्यंत जात. येताना ते रेशीम आणि चिनीमातीची भांडी आणत. अरबी लिपीत ‘च’ हे अक्षर नाही. म्हणून ते चीनला ‘सीन’ म्हणत.

युरोपातील लोकांना चीन फारच दूर होता. त्यांनी आणखी निराळी नावे ठेवली. प्राचीन ग्रीक व रोमन लोक तिकडच्या माणसांना ‘सेरेस’ म्हणत. म्हणजे रेशमाचे लोक! हा शब्द पुढे इंग्रजीतही आला.

उत्तर चीनवर एके काळी खितान लोकांचे राज्य होते. ते ११२५ साली संपले, पण नाव मागे उरले. त्यावरून इंग्रजीत ‘कॅथे’ हा देश आणि ‘कॅथेयन’ ही माणसे झाली. कॅथे आणि चीन हे दोन वेगळे देश आहेत, असे पुष्कळांना वाटे. १६०२ साली बेंतो द गोइश हा पोर्तुगीज प्रवासी आग्र्याहून कॅथेच्या शोधात निघाला. तीन वर्षे खडतर प्रवास करून तो पोहोचला, तो चीनमध्येच!

चिनी लोक आपल्या राज्याला ‘स्वर्गीय राज्य’ म्हणत. त्यावरून इंग्रज त्यांना ‘सेलेस्टियल’, म्हणजे ‘स्वर्गीय’, म्हणू लागले. पण अनेकदा थट्टेने. ‘चायनामन’ हा शब्द आधी साधा होता. परदेशी गेलेल्या चिनी मजुरांना लोक तो हिणवून म्हणू लागले. मग तो शब्द बोचू लागला. क्रिकेटमध्ये डावखुऱ्या गोलंदाजाच्या मनगटी फिरकीला हेच नाव होते. ‘विस्डेन’ या प्रसिद्ध क्रिकेट वार्षिकाने २०१८ साली ते वापरणे सोडले.

चिनी लोक स्वतःच्या देशाला काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘चुंगक्वो’, म्हणजे ‘मधला देश’. हे त्यांचे त्यांनी ठेवलेले नाव.

तुमच्या वर्गात नवा मुलगा आला, तर त्याच्या गावावरून किंवा रूपावरून त्याला नाव ठेवू नका. “तुला काय म्हणू?” असे त्यालाच विचारा.

स्वाध्याय
१. ‘सेरेस’ म्हणजे कोणते लोक?
२. ‘चायनामन’ हा शब्द का बोचू लागला?
३. तुम्हांला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? का?