एबीएसचा पिवळा दिवा: आधी तपासणीचे पैसे द्या, मग पार्टचे

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळ टॉवरभोवतीच्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. हातगाड्या, रिक्षा, मध्येच उभे राहिलेले टेम्पो यांतून वाट काढेपर्यंत मीटरवर एकही दिवा नसतो. तीच गाडी जालना रोडला लागते, जरा वेग धरते आणि एबीएसचा पिवळा दिवा लागतो. याचं कारण साधं आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये चाकांच्या सेन्सरचे सिग्नल एकमेकांशी जुळतात की नाही, हे गाडी ठरावीक वेगाच्या वर गेल्यावरच तपासलं जातं. म्हणून मेकॅनिककडे गेल्यावर पहिल्यांदा हे सांगा: दिवा चावी फिरवल्यापासूनच लागलेला असतो, की गाडी चालल्यावर लागतो? चावीपासूनच असेल तर तुटलेली वायर, उडालेला फ्यूज किंवा एबीएसचं कंट्रोल मॉड्यूल यांच्यावर संशय घ्यायचा. चालल्यावर लागत असेल तर चाकाचं बेअरिंग, सेन्सर वाचतो ती रिंग किंवा सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा.

चावी दिल्यावर दोन-तीन सेकंद दिवा लागून विझणं हे बरोबर आहे. ती यंत्रणेची स्वतःची चाचणी असते. नंतरही फक्त पिवळा दिवा राहिला, तर नेहमीचा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देण्याची सोय बंद असते. पावसात बीड बायपासवर ट्रकच्या मागे असताना हा फरक जिवावर बेतू शकतो, तेव्हा अंतर ठेवून चालवा आणि दुरुस्ती लांबवू नका. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी चालवूच नका. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. अशा वेळी टोइंगचे पैसे द्यावेत.

आता खर्च. पुढचे आकडे ढोबळ आहेत आणि मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या छोट्या-मध्यम गाड्या धरून दिले आहेत. 2010 मध्ये एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेऊन हे शहर देशभर गाजलं, शिवाय शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आहे. तशी जुनी जर्मन किंवा स्कोडा गाडी तुम्ही दुसऱ्या हाताने घेतली असेल, तर हिशेब दुप्पट-तिप्पट धरून चला.

पहिला खर्च बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचा. बाहेरच्या गॅरेजमध्ये 300 ते 800 रुपये, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये साधारण हजार-दीड हजार. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र इथे सहसा उपयोगी पडत नाही. ते इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतं, ब्रेकचे ‘सी’ने सुरू होणारे बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणून आधी विचारा, ‘तुमचा स्कॅनर या गाडीचं एबीएस उघडतो का?’

माझं ठाम मत आहे की तपासणीचे पैसे वेगळे ठरवून द्यावेत आणि घासाघीस न करता द्यावेत. जिथे तपासणी ‘फ्री’ असते, तिथे तिचे पैसे पार्ट विकूनच निघतात. ‘पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर’ असा कोड आला म्हणजे तो सेन्सर गेला असं ठरत नाही. त्या चाकाकडून नीट सिग्नल येत नाही, एवढंच त्यातून कळतं. सिग्नल कुठे तुटतो, ते शोधायला माणूसच लागतो.

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन चाकाजवळ खाली बसतो, मडगार्डच्या आतल्या बाजूने येणारी वायर हाताने चाचपतो आणि शॉकअबच्या क्लिपपाशी ती घासली आहे का ते पाहतो. मग कपलर उघडतो. आपल्याकडे पावसाळा आणि प्रेशरने गाडी धुण्याची हौस, दोन्हींमुळे आत पाणी शिरतं, आणि पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज दिसतो. काँटॅक्ट क्लीनर मारून, पिना घट्ट करून, 200 ते 400 रुपयांत काम संपू शकतं. उंदराने वायर कुरतडली असेल तर जोडकामाचे 300 ते 700. यानंतर स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकत्र लावून गाडी चालवायला हवी. तीन आकडे सारखे आणि एक मध्येच शून्यावर आला, की दोषी चाक सापडलं. ही फेरी शहागंजात होत नाही. त्यासाठी मोकळा रस्ताच लागतो. दुरुस्तीनंतरसुद्धा अनेक गाड्यांचा दिवा थोडा वेग घेतल्यावरच विझतो, त्यामुळे गॅरेजच्या दारात दिवा दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका.

हल्ली व्हील बेअरिंग बदलल्यानंतर हा दिवा लागल्याच्या तक्रारी ऐकू येतात. बऱ्याच नव्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. बेअरिंग उलटं ठोकलं तर चाक छान फिरतं, आवाज जातो, पण सेन्सरला काहीच ‘दिसत’ नाही. प्रेसवर काढताना बेअरिंग खराब होतं, म्हणून नवं घ्यावं लागतं: मजुरीसह दीड ते साडेतीन हजार. हा खर्च ज्याने बेअरिंग बसवलं त्याचा आहे, तुमचा नाही.

सेन्सरच गेला असेल तर लोकल 800 ते 2,000, ओरिजिनल 1,500 ते 4,500, मजुरी 300 ते 600. मी ओरिजिनलच सुचवेन. ब्रेक पेडलचा स्विच बिघडला तरी दिवा लागू शकतो, तो 200 ते 600 रुपयांत येतो, आणि कमजोर बॅटरीसुद्धा हा दिवा लावू शकते. दोन्ही आधी तपासून घ्या.

‘एबीएस मॉड्यूल गेलं’ हे ऐकलं की थांबा. नवं मॉड्यूल 25 ते 60 हजारांच्या घरात जातं. हे निदान कधी कधी खरं असतं, पण सगळ्यात शेवटी करायचं. मॉड्यूलला नीट वीज आणि अर्थिंग मिळतं हे मीटर लावून दाखवायला सांगा आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा स्कॅन करून घ्या. 500 रुपये जास्त गेले तरी चालतील. त्यातला फक्त इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला असेल तर 5 ते 12 हजारांत दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. भंगारात निघालेल्या गाडीचं मॉड्यूल स्वस्त मिळतं, पण कोडिंग जुळेलच असं नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत हा जुगार खेळू नये. दिवा काढून किंवा फ्यूज उपसून ‘सोय’ करून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. ही सोय ऐच्छिक नाही: एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे.

बिल पक्कं घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सर्व सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. कुणी 28 टक्के लावला तर हरकत घ्या. बिलावर आढळलेला कोड, पार्ट नंबर, मजुरी आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या, काढलेला जुना पार्ट परत मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद झाला तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तुम्ही मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.